धरून ठेवा

दापोलीच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं
मी माणसांच्या आरपार उजेड सोडला.
आता हर्णैला घरी बसून नाण्यांचे फोटो काढतो.
इथला उजेड आत शिरत नाही,
आपटून परत येतो.
एवढं कळायला एक आख्खा पावसाळा गेला.

सामान म्हणाल तर
भंगारात निघालेला सलाईनचा स्टँड,
बाटलीच्या जागी कॅमेरा,
विहिरीत डोकावणाऱ्या पोरासारखा खाली तोंड करून.
बंदरावरचा थर्माकोलचा खोका,
तीनदा धुतला, सुरमईचा वास जात नाही.
त्यात दोन बल्ब, एकाच दुकानातले, एकाच जातीचे.
एक पिवळा एक पांढरा घेतलात
तर तांब्याला कावीळ होते.
बल्बांवर बटरपेपर.
आधी दुधाची पिशवी लावली होती. वितळली.

चांदीचं नाणं लबाड.
वरून उजेड टाकला की आरसा होतं
आणि राणीच्या गालावर माझं टक्कल दिसतं.
त्याला काच लागते, पंचेचाळीस अंशांत तिरकी,
बाजूचा उजेड अलगद खाली वळवणारी.
माझी काच मोडक्या शोकेसची,
कडा मागल्या दारच्या जांभ्यावर घासलेल्या.

शिवराई मात्र गरीब.
तिला उजेड जमिनीलगत हवा,
कलत्या उन्हात पुळणीवर पावलं उमटून दिसतात ना,
तेवढा.
बल्ब खाली. आणखी खाली.
मग झिजलेल्या तांब्यातून हळूच
‘छत्र’ उठतं.
‘पति’ची वाट बघत मी जेवण थंड करतो.

मेहुण्याने एकदा त्याच्याकडच्या चार शिवराया आणल्या,
आमसुलाने घासून, लखलखीत.
खाऱ्या वाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बसवलेला काळा-हिरवा रंग
एका दुपारी मोरीतून गेला.
मी चारही फोटो काढले.
चारही सारखेच आले.
त्याला आवडले.

मासळीचा ट्रक उताराला लागला की
स्टँड थरथरतो, आकडे पुसट येतात.
म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावतो,
आणि जुन्या सवयीने तोंडातून निघतं :
श्वास घ्या. धरून ठेवा.

खरं म्हणजे माझं पहिलं नाणं वेगळंच.
पाजपंढरीची देवका चोगले, कडेवर लवू,
हातावर खवले तसेच, धावत आलेली.
फिल्म भिंतीवरच्या पेटीला लावली, तर
बरगड्यांच्या मधोमध एक पांढरा गोल.
सिंह नाहीत, साल नाही,
किंमत नाही.
म्हटलं, चार आणे असतील.
ती म्हणाली, आठ. मीठ आणायला दिलेले.

तिसऱ्या दिवशी नाणं आपसूक बाहेर पडलं.
राखेने धुऊन तिने माझ्या टेबलावर ठेवलं :
‘तुमीच ठेवा भाऊ, पोर परत गिळंल.’

ती फिल्म पुढे बाकीच्यांबरोबर किलोवर गेली,
चांदी काढणाऱ्याकडे.
नाणं गिलटाचं होतं,
फोटो चांदीचा.
राहिलं ते गिलट.

काल ते खोक्यात ठेवलं,
बांगड्यांच्या डब्यातल्या काळ्या मखमलीवर.
लवू आला होता, दोन ट्रॉलरचा मालक,
बर्फाचा हिशेब चुकता करून.
पडद्यावर बघून हसला.
‘काका, किती येतील ह्याचे?’
‘आठ आणे.’
‘आणि ह्यात मी कुठाय?’

मी बल्ब खाली घेतला, आणखी खाली.
पाचाच्या आकड्याशेजारी
एक बारीक काळपट डाग वर आला,
राखेनेही न गेलेला.
हा बघ, म्हटलं.
हा तू.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला.
मी काही न सांगताच
त्याने श्वास धरला होता.